पाटी कोरी करण्यापूर्वी



'फॉरमॅट मारणे' हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात इतक्या सहजतेने रुळला आहे की, 'फेरी मारणे', 'झाडू मारणे' यांच्याच कुळातला तो असावा असे वाटू लागते. संगणक मंदावला की फॉरमॅट मारा. पडद्यावर नको त्या जाहिराती झळकू लागल्या की फॉरमॅट मारा. मुलाने कसला तरी खेळ उतरवून घेतला आणि त्याच्यापाठोपाठ काही विपरीत आत शिरले, तरी उपाय तोच. दुकानदार सायंकाळपर्यंत यंत्र चकचकीत करून देतो. मग घरी आल्यावर मालकाच्या ध्यानात येते की, यंत्र नव्यासारखे धावते खरे, पण देवस्थान समितीचा सहा वर्षांचा जमाखर्च आणि वडिलांनी उतारवयात टंकलिखित केलेल्या आठवणी त्यात कोठेही नाहीत. दुकानदाराने विचारलेले असते, "आत काही महत्त्वाचे आहे का?" आणि मालकाने उत्तर दिलेले असते, "तसे काही विशेष नाही." या एका प्रश्नाचे उत्तर नीट देता यावे, एवढ्यासाठीच आजचे हे भाषण आहे.

विषय आताच निघण्याला निमित्तही आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची एक वाढीव योजना तिने काढली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. तिच्या जागी आलेली 'विंडोज ११' ही २०२१ सालची कार्यप्रणाली यंत्राच्या वयाबाबत मोठी चोखंदळ आहे. टी.पी.एम. नावाची सुरक्षा-चिप दुसऱ्या श्रेणीची हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. म्हणजे साधारणपणे २०१७ सालापूर्वी घेतलेली, अजून धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे एका तारखेला उंबऱ्याबाहेर उभी राहिली. त्यांच्या मालकांपुढे प्रश्न आला की, आता पुसून काय बसवावयाचे? पुण्या-मुंबईत याचे उत्तर पुष्कळदा 'नवे यंत्र घ्या' असे मिळते. खेड्यापाड्यांत ते उत्तर इतके स्वस्त नाही.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. जुन्या वाड्यातील कारभाऱ्याची कल्पना करा. कोठारांच्या किल्ल्या त्याच्याकडे, कोण आत यावा आणि कोणी बाहेर थांबावे हे तो ठरविणार, भिंतीतल्या कोनाड्यात काय ठेवले आहे याची यादी त्याच्याच डोक्यात. आपण पत्र लिहितो ते लेखनाच्या कार्यक्रमात. परंतु ते पत्र डिस्कवर नेमके कोठे ठेवले गेले, हे कारभाऱ्याखेरीज कोणास ठाऊक नसते. वर्षे लोटतात तसतसे कारभाऱ्याकडे नको ते नोकर जमा होतात. यंत्र सुरू होताच दहा-बारा कार्यक्रम आपसूक उठून बसतात. काढून टाकलेल्या कार्यक्रमांचे अवशेष मागे राहतात. कोणी दगाबाज आत शिरला तर तो नेमका कोठे दडला आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. अशा वेळी वाडा पूर्ण रिकामा करून नवा कारभारी नेमणे हा उपाय खात्रीचा असतो. विशेषतः यंत्रात विषाणू शिरल्याची खात्री असेल, तर अर्धवट सफाईपेक्षा मी तोच पसंत करीन.

पण प्रत्येक मंद यंत्राला हा उपाय लागू पडत नाही, आणि दुकानांत हे क्वचितच सांगितले जाते. यंत्र मंदावण्याची तीन कारणे अशी आहेत की, त्यांच्यावर फॉरमॅटचा काडीचाही परिणाम होत नाही. पहिले, फिरती हार्ड डिस्क झिजत आली असणे. तिच्यातून टकटक असा आवाज येऊ लागला किंवा एखादी फाइल उघडताना यंत्र मिनिट-मिनिट गोठू लागले, तर ती अखेरच्या घटका मोजत आहे असे समजावे. अशा डिस्कवर पुन्हा लेखन करणे म्हणजे मरणोन्मुख बैलाला नांगराला जुंपणे होय. तिच्यातील सामान आधी बाहेर काढावे. दुसरे, स्मृती अपुरी असणे. चार गिगाबाइट रॅमवर आजचे न्याहाळक धापा टाकणारच. तिसरे कारण आपल्या पश्चिम घाटाच्या हवेचे. चार महिने ओलावा, आठ महिने धूळ. पंख्यात जाळे साचते, प्रोसेसर तापतो, आणि तापला की तो आपणहून वेग कमी करतो. यासाठी एक मऊ ब्रश पुरतो.

आता ज्या मुलखाचा विचार मनात ठेवून मी बोलत आहे, त्या जोयड्याकडे येतो. उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा घाटमाथ्यावरचा, दाट अरण्याचा तालुका. एका बाजूला गोवा, एका बाजूला बेळगाव जिल्ह्यातील खानापूर. अणशी, कुंभारवाडा, उळवी, कॅसलरॉक, रामनगर ही त्यातील गावे. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेपूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि कोंकणी, मराठी, कन्नड या तिन्ही भाषांची ये-जा येथील घराघरांतून आजही चालते. या तिसऱ्या गोष्टीचा आपल्या विषयाशी फार निकटचा संबंध आहे. तो पुढे येईल.

येथे यंत्र पुसावयाचे तर पहिला विचार विजेचा. काळी नदीवरील सुपा धरण याच तालुक्यात आहे. १०१ मीटर उंचीचे हे धरण, त्याच्या पायथ्याशी ५० मेगावॅटची दोन जनित्रे. आणि तरीही पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडली की जंगलातल्या वाडीतला दिवा जातो तो जातोच. दिव्याखाली अंधार ही म्हण कोणी येथे येऊन रचली असावी काय, अशी शंका यावी! तर जुनी प्रणाली पुसली गेली आहे आणि नवी अर्धवट उतरली आहे, अशा क्षणी वीज गेली तर यंत्र कायमचे बिघडत नाही; फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. धोका आहे तो दुसऱ्या ठिकाणी. अतिउत्साही मंडळी याच बैठकीत मदरबोर्डवरील बायोसही 'अद्ययावत' करावयास जातात. ते काम चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. ज्या दिवशी विजेचा भरवसा नाही त्या दिवशी बायोसला हात लावू नये. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी, टेबलावरच्या संगणकाला यू.पी.एस. असावा, आणि शक्य तर हे काम दिवाळीनंतर काढावे.

दुसरा विचार जाळ्याचा. विंडोज ११ ची स्थापना-प्रत पाच गिगाबाइटांहून मोठी आहे. डोंगराच्या कुशीत, मोबाइलची एक काडी येते-जाते अशा ठिकाणी ती उतरवून घेण्याचा हट्ट धरू नये. दांडेलीस किंवा बेळगावास कामानिमित्त जाणे झाले की आठ गिगाबाइटांहून मोठा पेन ड्राइव्ह बरोबर न्यावा आणि तेथे तो तयार करून आणावा. मात्र तयार करताना पेन ड्राइव्हवर जे आधीचे असेल ते सर्व पुसले जाते, हे कोणी सांगत नाही. प्रत मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावी आणि उतरवून घेताना ती तुटली-फुटली नाही ना, हे तिच्या जुळणी-अंकावरून पडताळावे. दुसरी एक अडचण हमखास येते. नवी प्रणाली बसते, पण तिला या लॅपटॉपच्या वायफाय चिपची ओळखच नसते; ओळख करून देणारा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो; आणि इंटरनेटला जावयास वायफाय नसते. त्यातून विंडोज ११ ही पहिल्या दिवशीच इंटरनेटची जोडणी आणि कंपनीचे खाते मागते. म्हणजे कुलपाची किल्ली पेटीत आणि पेटी कुलपात. यासाठी यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वायफायचा ड्रायव्हर आधीच आणून वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावा. तो नसल्यास मोबाइल तारेने संगणकाला जोडून त्याचे इंटरनेट यंत्राला द्यावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

परंतु हे सारे उपचार झाले. खरा प्रश्न, बाहेर काय काढावयाचे, हा आहे. आणि तो सांगताना जोयड्याच्या माणसाला एक गोष्ट समजावून द्यावी लागत नाही. या तालुक्याचे मुख्यालय पूर्वी काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील सुपा येथे होते. धरण झाले, जुने सुपा पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्यास आल्या आणि विस्थापितांपैकी अनेकांची वस्ती रामनगरास झाली. गाव बुडाले तरी तालुक्याचे दप्तर बुडले नाही. ते हलविण्यात आले. २०११ च्या जनगणनेतदेखील हा तालुका 'सुपा' या नावानेच नोंदलेला आहे. पाणी चढण्यापूर्वी माणसांना सूचना मिळते, मुदत मिळते. काय उचलावे, काय सोडावे याचा जीवघेणा हिशेब करावयास का होईना, अवधी मिळतो. संगणकाच्या पडद्यावरील 'पुढे चला' ही कळ तेवढाही अवधी देत नाही. आणखी एक फरक आहे. धरणाचे पाणी उन्हाळ्यात उतरले की बुडीत जमीन पुन्हा उघडी पडते; जुन्या फिरत्या डिस्कवरील पुसलेला मजकूरही, त्यावर दुसरे काही लिहिले गेले नसेल तर, तज्ज्ञ माणूस बराचसा परत काढू शकतो. पण हल्लीच्या एस.एस.डी. डिस्कवर ही आशा धरू नये. पुसलेली जागा रिकामी झाल्याची वर्दी मिळताच ती डिस्क स्वतःच ती साफ करून ठेवते. तेथे पाणी उतरत नाही.

लोकांची समजूत अशी असते की, आपले सर्वस्व 'डी' ड्राइव्हमध्ये आहे आणि पुसले जाते ते फक्त 'सी'. ही समजूत दुकानदारांनीच डिस्कचे दोन भाग करून देऊन रुजविली. वस्तुस्थिती अशी की, डेस्कटॉपवर जे दिसते ते 'सी'मध्ये असते. 'डॉक्युमेंट्स' आणि 'डाउनलोड्स'ही तेथेच. न्याहाळकात साठविलेले परवलीचे शब्द, आउटलुकची टपाल-पेटी, हेही तेथेच. व्यापाऱ्यांचा टॅलीचा हिशेब टॅलीच्याच फोल्डरात 'डेटा' या नावाखाली बसलेला असतो आणि 'डॉक्युमेंट्स'ची प्रत काढणाऱ्याच्या हाती तो लागत नाही. शिवाय टॅलीचा परवाना यंत्राशी बांधलेला असतो, तो पुसण्यापूर्वी रीतसर परत करावा लागतो. उलट स्थापनेच्या वेळी पडद्यावर 'सी' आणि 'डी' ही ओळखीची नावे दिसतच नाहीत. दिसतात ते 'डिस्क शून्य, विभाग एक, विभाग दोन, विभाग तीन' असे रुक्ष आकडे. भल्याभल्यांचा हात तेथे चुकतो आणि जपलेला 'डी'च पुसला जातो. म्हणून मी सांगतो की, यंत्राला दुसरी डिस्क किंवा बाहेरचा पेन ड्राइव्ह जोडलेला असेल, तर स्थापनेच्या पेन ड्राइव्हखेरीज सर्व काही उपटून ठेवावे. जे जोडलेलेच नाही ते पुसले जात नाही.

आता त्या तीन भाषांच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते मराठी माणसाने या विषयात सर्वांत अधिक भ्यावे असे हे ठिकाण आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत याचा उल्लेखही सापडत नाही.

आपल्याकडे संगणकावर मराठी लिहावयास सुरुवात झाली तेव्हा सर्वमान्य अशी अक्षर-संकेतावली घरोघरच्या यंत्रांत नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आय.एस.एम., आकृती अशी पॅकेजे आली आणि त्यांनी छापखाने, वर्तमानपत्रे, कचेऱ्या चालविल्या. कन्नडसाठी १९९८ मध्ये 'बरह' आले, कन्नड गणक परिषदेचे 'नुडी' आले. त्या काळच्या अनेक फाँटांची युक्ती अशी होती की, रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीची किंवा कन्नडची चित्रे बसविलेली असत. म्हणजे डोळ्यांना 'क' दिसे, पण फाइलमध्ये लिहिलेले असे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. रोमन अक्षराने देवनागरीचा मुखवटा घातलेला. मुखवटा कोठे ठेवलेला? 'सी' ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात, 'फाँट्स' या कोनाड्यात. फॉरमॅट मारला की तो कोनाडाच जातो. तुम्ही सर्व फायली इमानेइतबारे पेन ड्राइव्हवर काढून घेतलेल्या असतात, एकही हरवलेली नसते. पण नव्या यंत्रावर उघडून पाहता, तर ओळीच्या ओळी निरर्थक रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या. मजकूर आहे आणि वाचता येत नाही. त्यातून काही पॅकेजांना एक कुलूप-खुंटी यंत्राच्या मागे लावावी लागे. ती खुंटी जुन्या ड्रायव्हरवर चालणारी असली तर नवी प्रणाली तिला दाद देत नाही.

युनिकोडने हा घोळ संपविला. १९९१ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. त्यात 'क' या अक्षराला २३२५ हा स्वतःचा क्रमांक आहे. कोणत्याही फाँटात, कोणत्याही देशात तो 'क'च राहतो. पण संकेतावली कागदावर असणे निराळे आणि तालुक्याच्या यंत्रात उतरणे निराळे. विंडोज २००० पासून देवनागरीला आधार मिळाला. २००१ च्या विंडोज एक्स.पी.मध्येही तो मुळात बंद असे आणि नियंत्रण-पटलात जाऊन, मूळ सीडी घालून चालू करावा लागे. दुकानदाराने एक्स.पी. नव्याने बसविली आणि ही एक खूण करावयाची राहिली की, मराठीतील काने-मात्रे विस्कटलेले दिसत आणि लोक म्हणत, युनिकोड वाईट! पुढे व्हिस्टापासून ही कटकट गेली. तात्पर्य, २००५-०६ पूर्वीचा आपल्याकडील बहुतांश मराठी मजकूर, आणि छापखान्यांच्या सवयीमुळे त्यानंतरचाही पुष्कळसा, या मुखवट्यांच्या काळातला आहे. स्मरणिका, शाळांचे अहवाल, कोंकणी लोकगीतांची कोणी हौसेने केलेली टिपणे, ग्रामसंस्थांचे ठराव, सारे त्यात आले.

यास्तव यंत्र पुसण्यापूर्वी, जुना मुखवटा जिवंत आहे तोवर, तीन कामे करावीत. प्रत्येक जुनी फाइल उघडून ती पी.डी.एफ. स्वरूपात जतन करावी. त्या स्वरूपात फाँट सहसा फाइलीतच गोठविला जातो आणि मजकूर निदान वाचता तरी येतो. दुसरे, फायलीत कोणता फाँट वापरला आहे त्याचे नेमके नाव कागदावर टिपून ठेवावे, कारण युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कार्यक्रम प्रथम तेच विचारतात. 'श्रीलिपी' एवढे सांगून भागत नाही. अमुक क्रमांकाचा फाँट असे सांगावे लागते. तिसरे, फाँट्सचा तो संपूर्ण कोनाडाच उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवावा. वेळ असेल तर रूपांतरही तेव्हाच करून घ्यावे आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचाव्यात. रफार आणि जोडाक्षरे यांत यंत्र चुकते, ते डोळ्यांनीच पकडावे लागते. कंटाळवाणे काम आहे. पावसाळ्याच्या एखाद्या झडीत, वीज असेल तेव्हा, घरातील दोघांनी मिळून ते होते.

प्रत काढली म्हणजे झाले, असेही समजू नये. ती उघडून पाहावी. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रत होती. ती तपासता कळले की, ती नीट उमटतच नव्हती आणि कोणी पाहिले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तेथील तंत्र-दिग्दर्शिकेमुळे. त्यांना नुकतेच मूल झाले होते, म्हणून त्या घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या यंत्रावर एक प्रत होती. अशा महान संस्थेला बाळंतिणीच्या घरचे यंत्र कामी आले, तर आपल्या पेन ड्राइव्हवर आपण किती विसंबावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी एक किल्ली आधी हाती असावी लागते. आजच्या विंडोजमध्ये बिटलॉकर नावाची व्यवस्था डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करते. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत ती मालकाला न विचारता चालू झालेली असते. तिची ४८ आकडी परतावा-किल्ली कंपनीच्या खात्यात नोंदलेली असते. ती कागदावर लिहून घ्यावी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष दुरुस्तीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली, आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती स्वतः सोपी होती, एक फाइल काढून टाकावयाची. पण असंख्य ठिकाणी माणसे खोळंबली, कारण या किल्ल्या वेळेवर सापडेनात.

इतकी तयारी झाल्यावर मी तर म्हणतो, जुनी डिस्क पुसूच नये. जुन्या यंत्रातली फिरती हार्ड डिस्क स्क्रू काढून बाहेर घ्यावी, तिच्या जागी एक एस.एस.डी. बसवावी आणि नवी प्रणाली तिच्यावर घालावी. यंत्राचा वेग कित्येक पटींनी वाढल्यासारखा वाटतो, नव्या यंत्राच्या मानाने खर्च किरकोळ येतो, आणि जुनी डिस्क अक्षत राहते. तिला दोन-चारशे रुपयांचे यू.एस.बी. घर मिळते, त्यात घालून ती जोडली की विसरलेली वस्तू सहा महिन्यांनीही काढून घेता येते. 'फॉरमॅट मारून द्या' असे म्हणण्याऐवजी दुकानात 'डिस्क बदलून द्या आणि जुनी माझ्या हातात द्या' असे म्हणावे. एवढ्या एका वाक्याने बहुतेक अनर्थ टळतात.

प्रत्यक्ष स्थापनेविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पेन ड्राइव्ह लावावा, यंत्र सुरू होताना एफ-१२ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून त्यावरून यंत्र उठवावे, भाषा आणि विभाग निवडावा, आणि अर्ध्या-पाऊण तासाने नवा पडदा दिसतो. परवान्याबद्दल मात्र सावध असावे. यंत्राबरोबर मूळची अधिकृत विंडोज आली असेल, तर विंडोज ८ च्या काळापासून तिची किल्ली सामान्यतः मदरबोर्डवरच कोरलेली असते, आणि विंडोज १० पासून परवाना त्या यंत्राच्या नावे कंपनीकडे नोंदला जातो. तीच आवृत्ती पुन्हा बसविण्यास नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही. तरीही परवान्याचे पैसे निराळे घेणारी आणि त्याऐवजी 'सक्रिय करण्याची' चोरटी क्लृप्ती यंत्रात सोडून देणारी दुकाने आहेत. ही क्लृप्ती चालावी म्हणून विषाणू-रक्षकच बंद करून ठेवलेला असतो. घर धुऊन काढावयाचे आणि मागचे दार उघडे टाकावयाचे, असला हा प्रकार.

ज्या यंत्राला विंडोज ११ उंबऱ्याच्या आत घेत नाही, त्याच्यासाठी लिनक्स आहे. मिंट, उबुंटू या त्याच्या रूढ आवृत्त्या. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' नावाची भारतीय आवृत्तीही काढली. त्यांना परवाना लागत नाही आणि युनिकोड मराठी तेथे पहिल्या क्षणापासून नीट दिसते. जोयड्याच्या शेजारी, गोव्यात, या शतकाच्या आरंभी परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून शाळांना देण्याचा उपक्रम झाला होता. केरळातील सरकारी शाळांनी तर याच मार्गाने वर्षानुवर्षे संगणक-शिक्षण चालविले आहे. पण आंधळा प्रचार मी करणार नाही. टॅली, जुनी श्रीलिपी, शासकीय कामांस लागणारी काही डिजिटल स्वाक्षरीची साधने यांचे तेथे जमेलच असे नाही. ज्याचे काम पत्रे लिहिणे, वर्तमानपत्र वाचणे, टपाल पाहणे आणि नातवंडांचे चेहरे बघणे एवढेच आहे, त्याचे दहा वर्षांचे यंत्र लिनक्सवर आणखी पाच वर्षे सुखाने चालेल.

शिवाय लिनक्सचा पेन ड्राइव्ह घरात असण्याचा एक निराळाच लाभ आहे. तो काही न पुसता, नुसता लावून यंत्र सुरू करता येते. विंडोज उठतच नाही, पडदा काळाच राहतो, आणि दुकानदार म्हणतो की आतले सर्व गेले, अशा वेळी हा पेन ड्राइव्ह लावावा. डिस्क जिवंत असेल तर आतली कपाटे दिसू लागतात आणि फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात. बिटलॉकरचे कुलूप असेल तर ती ४८ आकडी किल्ली तेथेही मागितली जाते.

नवी प्रणाली बसल्यावर पहिल्या दिवशी दुरुस्त्या उतरवून घ्याव्यात, मग मराठी आणि कन्नडचे कळफलक जोडावेत, आणि मग एकेक जुनी फाइल परत आणावी. सगळे गाठोडे एकदम ओतू नये, नाही तर हाकललेला दगाबाज त्याच गाठोड्यातून परत येतो. छपाईयंत्र, स्वाक्षरीची खुंटी, बँकेचे काम हे पहिल्या आठवड्यात एकेकदा करून पाहावे. महिनाअखेरीस टॅलीचा ताळेबंद जुन्याशी जुळवावा. तोवर ती काढून ठेवलेली जुनी डिस्क कापडात गुंडाळून, ओल लागणार नाही अशा फळीवर, वर तारीख आणि यंत्राचे नाव लिहून ठेवावी.